एक टाका कमी

बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली पहिली पंधरा हाताने लेजर लिहिण्याच्या काळातली. संध्याकाळी ताळा जमला नाही तर घरी जायचं नाही, हा तेव्हाचा शिरस्ता. एकदा एक रुपया नव्वद पैशांच्या फरकापायी आम्ही चौघे रात्री साडेदहापर्यंत खाती चाळत बसलो होतो. शेवटी हेडक्लार्कने वैतागून खिशातले दोन रुपये टेबलावर ठेवले, तर साहेब म्हणाले, "आता दहा पैसे जास्त झाले. शोधा." अशा तालमीत तयार झालेल्या माणसाच्या हातून एकशेवीस टाक्यांच्या ओळीतला एक टाका दर ओळीला हरवावा, आणि तो कुठे गेला ते महिनाभर सापडू नये, हा दैवाचा सूडच म्हणायचा.

झालं असं, की जानेवारीत सांगलीहून मुलीचा फोन आला. आमची मुलगी सांगलीत दिलीय, विश्रामबागेत. मे महिन्यातली तारीख आहे म्हणाली. बायको देवापुढे साखर ठेवायला गेली आणि मी त्या भरात बोलून गेलो, "बाळासाठी तू क्रोशाचं छान पांघरूण विण."

बायको साखरेचा डबा हातात घेऊनच परत आली.

तिच्या क्रोशाचा इतिहास सांगायला हवा. आमच्या लग्नातलं रुखवत म्हणजे क्रोशाचं प्रदर्शन होतं. तोरण, ताटावरचे रुमाल, तांब्यावर घालायची मण्यांची जाळी, आणि कशासाठी ते आजवर कळलं नाही असं एक गोल काहीतरी. पुढची पंधरा-वीस वर्षं तिची सुई थांबली नाही. रेडिओ, फोन, टीव्ही, फ्रिजची मूठ, कुणालाही सोडलं नाही. १९९०च्या सुमाराला आमच्या घरात जी वस्तू अर्ध्या तासाच्या वर जागची हलत नसे तिच्यावर जाळी पडत असे. रविवारी दुपारी मीसुद्धा फार वेळ आडवा पडायचो नाही. मग टीव्ही चपटे झाले. त्यांच्या डोक्यावर रुमाल ठरेना. ज्या दिवशी नवा टीव्ही भिंतीवर चढला त्या दिवशी बायकोने सुई ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं.

"माझे डोळे संपले आणि हौसही," ती म्हणाली. "तुम्ही रिकामेच आहात की. तुम्ही विणा."

हा टोमणा होता हे कुणालाही कळलं असतं. पण मी बँकेतला माणूस. वरून आलेला आदेश आधी नोंदवून घ्यायचा आणि अर्थ नंतर लावायचा, ही आमची सवय.

साताऱ्यातल्या मोती चौकाकडच्या लोकरीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या पुतण्याच्या वयाचा. त्याने "काकूंनी काय सांगितलंय?" असं विचारलं, आणि मीच विणणार आहे म्हटल्यावर चहा मागवला. असा मान मला बँकेत असताना कर्ज मंजूर करणाऱ्या टेबलावरही मिळाला नव्हता.

पहिला प्रश्न रंगाचा. परदेशात म्हणे मुलगा असेल तर निळं, मुलगी असेल तर गुलाबी, आधीच ठरवून विणतात. आपल्याकडे १९९४च्या कायद्याने गर्भलिंग तपासणीला बंदी आहे, सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर पाटी लावलेली असते, त्यामुळे तो पेच मिटला. आपल्याकडची चाचणी एकच, डोहाळजेवणातली. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पण तीही सातारकरांच्या बाबतीत चालत नाही. कंदी पेढ्यावर वाढलेली मुलगी झाकण न उघडता नुसत्या वासावर वाटी उचलते. त्यातून बाळाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, फक्त माहेर सिद्ध होतं.

तेव्हा पिवळा, पांढरा आणि पोपटी असे तीन रंग घेतले. सासरच्या मानाचा म्हणून पिवळा जरा हळदीच्या अंगाने जाणारा निवडला. दुकानदार म्हणाला, "बेबी वूल आहे काका, एकदम मऊ."

"कुठल्या मेंढीची?"

"मेंढीची नाही काका, कंपनीची. ॲक्रिलिक आहे."

म्हणजे ज्याला आपण बिनदिक्कत लोकर म्हणतो त्याचा आणि मेंढीचा पत्रव्यवहारसुद्धा नाही. आणि हे सातारा जिल्ह्यात! आमच्या माण-खटावात, तिकडे आटपाडी-जतमध्ये धनगरांचे वाडे दख्खनी मेंढ्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या हिंडताहेत. म्हसवडची घोंगडी लोक अजून आवर्जून नेतात. मी बाणेदारपणे म्हणालो, "मग खरी, आपल्याकडची लोकर दे." दुकानदाराने शांतपणे सांगितलं, "ती बाळाला पांघरली तर बाळ दोन वर्षांचं होईस्तोवर रडेल, काका." खरंच आहे. घोंगडीची लोकर पावसात उभ्या राहणाऱ्या माणसासाठी असते, पाळण्यात पडणाऱ्यासाठी नव्हे. तीन रंगांचे गुंडे आणि चार एमएमची एक सुई घेऊन मी घरी आलो.

क्रोशाला सुई म्हणतात, पण तिला ना टोक ना नेढं. पुढे एक आकडा असतो, तेवढाच. कृती वाचायला एकदम सोपी. सुई खालच्या टाक्यात खुपसायची, दोरा ओढून वर आणायचा, आकड्यावर दोन फासे होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्ही फाशांतून एकदम ओढला की झाला मुका खांब. सुरुवातीलाच दोरा सुईवर एकदा गुंडाळून घेतला तर तीन फासे होतात. मग आधी दोनांतून ओढायचा, नंतर उरलेल्या दोनांतून. हा नुसता खांब. मुका खांब बुटका, खांब उंच. एक मुका, एक खांब असं ओळभर करत जायचं, आणि परतीच्या ओळीत मुक्यावर खांब, खांबावर मुका. दोन बुटक्यांच्या मधे अडकलेला उंच खांब सरळ उभा राहू शकत नाही, तो पोट काढतो. अशी शेकडो पोटं शेजारी शेजारी आली की कापडाला दाणेदार खडबडीतपणा येतो. जाळीसारखी भोकं पडत नाहीत, म्हणून बाळाची बोटं अडकायचीही भीती नाही. बायकोने ही वीण सुचवली तेव्हा मला तिच्यात प्रथमच एक इंजिनिअर दिसला.

पण मी शिकलो दोन ठिकाणांहून, मोबाइलवरच्या एका अमेरिकन बाईकडून आणि बायकोच्या ट्रंकेतल्या एका जुन्या इंग्लिश पुस्तकातून. इथे घोटाळा असा, की अमेरिकन ज्याला 'सिंगल' म्हणतात त्यालाच इंग्लंडवाले 'डबल' म्हणतात, आणि अमेरिकेचं 'डबल' म्हणजे इंग्लंडचं 'ट्रेबल'. दोन देशांनी एकाच भाषेत एकाच टाक्याला दोन नावं ठेवावीत आणि भोग साताऱ्यातल्या पेन्शनराने भोगावेत! पहिला आठवडाभर माझ्या विणीत दोन्ही देश आलटून पालटून राज्य करत होते. अखेर स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून मराठी आलं, "मुका खांब, खांब. मुका खांब, खांब. एवढं म्हणत विणा!"

तसं म्हणत विणायची सवय इतकी लागली, की सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जाताना पावलंही त्याच तालात पडू लागली. आमच्या फिरण्याच्या कंपूत अपशिंग्याचे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं. मी सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे एक सावधान, एक विश्राम. आणि पुढच्या रांगेत उलट. सोपं आहे." गेला पंधरवडाभर जे मला दोन खंडांच्या मदतीने कळलं नव्हतं ते फौजेने अर्ध्या मिनिटात समजावून दिलं.

तरीही टाका हरवतच होता.

हिशेब साधा होता. आडवे एकशेवीस टाके, उभ्या एकशेआठ ओळी, दर सहा ओळींनी रंग बदलायचा. एकूण बारा हजार नऊशे साठ टाके. मी त्यासाठी वेगळी डायरी घातली. पहिली ओळ एकशेवीस. दुसरी एकशे एकोणीस. दहाव्या ओळीला एकशे अकरा, म्हणजे दर ओळीला बरोबर एक. अफरातफर करणारासुद्धा इतका नेमाने करत नाही. तिसावी ओळ संपल्यावर पांघरूण जमिनीवर पसरलं तेव्हा ते खाली रुंद, वर निमुळतं असं दिसत होतं. बायको म्हणाली, "छान आहे. अजिंक्यतारा?"

उसवलं. क्रोशा उसवणं हा एक स्वतंत्र मनस्ताप आहे. टोक धरून ओढलं की कर्रकर्र करत सगळं सुटतं, तीस ओळी दोन मिनिटांत. बँकेत निदान खाडाखोड तरी दिसायची. इथे महिन्याभराच्या मेहनतीचा पुरावाही शिल्लक राहत नाही, फक्त शेवयांसारखा कुरळा झालेला दोरा राहतो.

मार्चमध्ये डोहाळजेवणासाठी सांगलीला निघालो. बायको चार दिवस आधीच गेली होती, मी एकटा. कोयना एक्सप्रेसला खिडकी मिळाली, वीण पिशवीतून काढली. कोरेगाव गेलं तोवर समोरच्या बाकावरच्या सगळ्या बायका गप्प झाल्या होत्या. रहिमतपूरला एक म्हातारी चढली, नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात वांग्यांची पिशवी. ती बसली ती थेट माझ्या मांडीकडेच बघत. दोन ओळी होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, हे काय म्हंत्यात त्ये मला म्हाईत न्हाई. पर तुमच्या दोन्ही कडा आत पळत्यात."

मी म्हटलं, टाका हरवतो, कुठे ते कळत नाही.

"मधी न्हाई हरवत. मधी कशाला हरवंल? कडंला बगा. वाकळ शिवताना बी सून मधीच बगती आन् कड सोडती."

तिने माझ्या हातातून कापड घेतलं, काठाला नख लावलं आणि काठाशी मुडपून दडलेला एक टाका वर काढून दाखवला. ओळ संपली असं समजून मी वळत होतो तेव्हा शेवटचा एक टाका मागे लपून बसलेला असायचा. क्रोशाचं काम तिने जन्मात केलं नव्हतं. तिने शिवल्या होत्या त्या वाकळी, जुन्या लुगड्यांच्या. सातारा-सांगलीत गोधडीला वाकळच म्हणतात. मसूरला ती उतरली तेव्हा तिने दोन वांगी माझ्या बाकावर ठेवली. हेच ज्ञान आम्हाला बँकेत पानाच्या तळाशी मिळायचं. बेरीज पुढच्या पानावर नेताना फरक पडतो, मधे कधीच नाही. छत्तीस वर्षं हे मी ज्युनिअर पोरांना सांगत आलो आणि स्वतःच्या काठाकडे काही बघितलं नाही.

सांगलीत मात्र वेगळीच परीक्षा होती. विहीणबाई या विषयातल्या दादा आहेत. त्यांनी माझं काम हातात घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वा, भाऊ! भडंगासारखं दिसतंय." सांगलीच्या माणसाला कुठलाही दाणेदार पदार्थ भडंगासारखाच दिसतो, म्हणून मी कौतुक समजून घेतलं. पण पुढे त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझा एक टाका चुकलेला नाही. आमच्या भागातच ते आहे. 'स्त्री' मासिक किर्लोस्करवाडीहून निघायचं, १९३० सालापासून. अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायका आमच्याकडून शिकल्या."

मला राहवेना. म्हटलं, "ताई, किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. आणि औंध आज सातारा जिल्ह्यात आहे."

"आज वाडी कुठे आहे?"

"सांगली जिल्ह्यात. पण तुमचा जिल्हा तरी कधीचा? १९४९ला आमच्यातून कापून काढला, तेव्हा नाव दक्षिण सातारा ठेवलं होतं. सांगली हे नाव १९६०चं."

व्याही मधे पडले आणि श्रीखंडाचा विषय काढला. मुलगी मात्र हसू दाबत म्हणाली, "मग बाबा, अर्धं तुम्ही विणा, अर्धं आई विणतील. चोपन्न चोपन्न ओळी. शेवटी जोडू." आदेश पुन्हा वरून आला होता. नोंदवून घेतला.

एप्रिलभर दोन जिल्ह्यांत काम चाललं. विहीणबाईंनी लोकर सांगलीत घेतली, शेड नंबर तोच, पण लॉट नंबर वेगळा. लोकरीच्या लेबलवर हे दोन्ही आकडे असतात आणि दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. प्रत्येक घाण्याचा रंग उतरताना बारीकसा फरक पडतो. फोनवर फोटो आले तेव्हा माझी हळद आणि त्यांची हळद यांत राजापुरी आणि सेलम इतका फरक दिसत होता. शिवाय माझा हात घट्ट आणि त्यांचा मोकळा. मी दोरा असा ओढतो, जणू कुणीतरी तो परत मागणार आहे. तेवढ्याच टाक्यांत माझी रुंदी एकाहत्तर सेंटिमीटर आणि त्यांची पंच्याहत्तर. त्यांनी कळवलं, "धुतल्यावर ओढून वाळत घाला, येईल." चार सेंटिमीटर ओढून आणायचे म्हणजे मी आयुष्यभर ज्याला 'ॲडजस्टमेंट' म्हणून विरोध केला तेच.

मुलगी बाळंतपणाला साताऱ्यात आली. मे महिना. सातारा तापलेला, सांगली त्याहून तापलेली, आणि मी पंख्याखाली बसून मांडीवर ऊबदार पांघरूण विणतोय. चोपन्नावी ओळ रात्री अकराला संपली. सवयीने मोजली. एकशे एकोणीस. पुन्हा मोजली. एकशे एकोणीस. काठ तपासला, काठ स्वच्छ होता. फरक मधे होता! म्हातारीचा आणि माझा, दोघांचाही सिद्धान्त कोसळला. शोधायला बसणार तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली, रिक्षा बोलवा म्हणून. ती ओळ तशीच राहिली ती राहिलीच.

पहाटे नात झाली.

दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना अभिमानाने पांघरुणाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "फार सुंदर. पण झोपलेल्या बाळावर घालू नका. पहिलं वर्षभर असं सैल पांघरूण नको, तोंडावर येतं." बारा हजार नऊशे साठ टाके, आणि वापरायचं ते बाळ जागं असताना, मांडीवर, देखरेखीखाली. तसंही पोरगी गुंडाळली होती ती आमच्या वडिलांच्या धोतराच्या दुपट्यात. तान्ह्याला नवं कापड घालत नाहीत. धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं ते धोतर बायकोने चौदा वर्षं याच दिवसासाठी जपून ठेवलं होतं. वडील उभ्या आयुष्यात कुणाला अंगाला चिकटू देत नसत.

बाराव्या दिवशी बारसं. विहीणबाई आदल्या संध्याकाळीच बाळंतविडा आणि आपला अर्धा भाग घेऊन आल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी दोन्ही तुकडे चटईवर समोरासमोर ठेवले. वर सातारा, खाली सांगली. सगळ्यांदेखत माझा काठ मोजला.

"एकशे एकोणीस," त्या म्हणाल्या. "असू दे हो भाऊ, शिकाऊ हात आहे. मी जोडताना झाकते."

मी मान खाली घातली. बायकोने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या जोडत गेल्या, मी शेजारी बसून बघत राहिलो. त्यांचा एक टाका, माझा एक टाका, दोन्हीतून सुई, दोरा ओढ. कुठेतरी मधे त्यांनी माझ्या एकाच टाक्यात दोनदा सुई घातली. माझा कमी असलेला टाका तिथे मुजला. बरोबर होतं. पण हातभर पुढे गेल्यावर, गप्पांचा आवाज जरा वाढलेला असताना, त्यांनी आणखी एकदा तसंच केलं.

माझ्यातला मेलेला ज्युनिअर क्लार्क उठून बसला. माझे एकशे एकोणीस, त्यांचे एकशेवीस. एक टाका झाकायला एकदा पुरे. दुसरी वेळ कशासाठी?

रात्री तीनला बाळ रडलं. मुलीला जरा झोपू द्यावं म्हणून मी मांडीवर घेतलं. बाळ शांत झालं, डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत राहिलं. विहीणबाई आत घोरत होत्या. मी एका हाताने पांघरूण ओढून घेतलं, चष्मा लावला, आणि शिवणीच्या खालच्या कडेने नखाने टाके मोजत गेलो. दोनदा मोजले, मग बायकोच्या मण्यांच्या जुन्या डबीतले मणी खुणेला ठेवून तिसऱ्यांदा.

कुणाला उठवलं नाही. डायरी हाताशी होती, तिच्यात लिहिलं: सातारा शाखा ११९, सांगली शाखा १२१, एकूण २४०. ताळा जमला. खाली सही केली, तारीख घातली, आणि नात अजून जागीच होती म्हणून तिला ती नोंद दाखवून ठेवली.